तीन टिंबांचं फंक्शन लिहिताय? या चुका टाळा

प्रिंटएफ, म्हणजे सी मधलं मजकूर छापणारं फंक्शन, सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात वापरलेलं असतं, म्हणून तसंच कितीही आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेल्या किमती) घेणारं फंक्शन आपणही लिहावं वाटतं. सी मध्ये त्यासाठी आर्ग्युमेंटच्या यादीत शेवटी तीन टिंबं (...) देतात. पण त्या टिंबांपलीकडे किती आले, कोणत्या टाइपचे आले, कंपायलर काहीच बघत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे प्रिंटएफवर स्वतःचं लॉग (नोंदी लिहिणारं) फंक्शन चढवायचं आणि कंपायलरला ते सांगायचं विसरून जायचं. नागपुरात कामठी रोडच्या एका वजनकाट्यावर हेच झालं. २०३८ मध्ये वेळेचे सेकंद ३२ बिटांत मावणार नाहीत, तो प्रॉब्लेम नको म्हणून एका पोट्ट्याने वेळ ३२ ची ६४ बिट केली, बरोबरच केलं, पण फॉरमॅटमध्ये (कुठे काय छापायचं ते सांगणाऱ्या मजकुरात) परसेंट-डी, म्हणजे साध्या इंटची खूण, तसंच राहिलं आणि त्याच्यामागे ट्रकच्या नंबरसाठी परसेंट-एस, म्हणजे मजकुराची खूण. त्याच्या ६४ बिट लॅपटॉपवर एकदम ओके, काहून की तिथे प्रत्येक आर्ग्युमेंट आपापल्या रजिस्टरमधून (प्रोसेसरमधल्या कप्प्यातून) जातं. काट्यावरचा पीसी जुना, ३२ बिट लिनक्सवाला, तिथे सगळं स्टॅकवर (मेमरीत) एकामागे एक, मग परसेंट-डी ने वेळेचा खालचा अर्धा भाग उचलला, परसेंट-एस च्या वाट्याला वरचा अर्धा आला, तो शून्य, आणि लॉगमध्ये प्रत्येक ट्रकचा नंबर 'नल'. वेळ बरोबर दिसत होती म्हणून लॉगवर कोणाला शंकाच नाही, सगळे डेटाबेस उकरत बसले.

वॉर्निंग चालू होत्या बरं का. पण जीसीसी (कंपायलर) प्रिंटएफला ओळखतं, तुमच्या फंक्शनला नाही. डिक्लेरेशनवर फॉरमॅट अ‍ॅट्रिब्यूट लावा, फॉरमॅट कितवं आर्ग्युमेंट आणि तपासणी कितव्यापासून हे दोन आकडे द्या, एका ओळीचं काम आहे राजेहो. मी तर वॉर्निंगची एररच करून ठेवतो. कास्ट मारून (टाइप जबरदस्तीने बदलून) वॉर्निंग गप्प करणं मला अजिबात पटत नाही, दोन मिनिटं वाचतात आणि पुढच्या माणसाचा आठवडा जातो.

टिंबांतलं पुढचं आर्ग्युमेंट काढून देणाऱ्या व्हीए-आर्गकडे फ्लोट मागू नका, वाटेत त्याचा डबल झालेला असतो, शॉर्टचा इंट.

युझरचा मजकूर फॉरमॅटच्या जागी कधीच नाही, परसेंट-एस मधूनच.

सी प्लस प्लसवाल्यांनी तर ही जुनी टिंबं सोडाच. २०११ पासून व्हेरिअ‍ॅडिक टेम्प्लेट (कितीही आर्ग्युमेंट घेणारे साचे) आहेत, प्रत्येक आर्ग्युमेंट टाइपसकट येतं, २०१७ च्या फोल्ड एक्सप्रेशनमुळे रिकर्शनही (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) लिहावं लागत नाही. पण नवीन पोरं घाईत टेम्प्लेट उघडं सोडतात, ते काहीही आत घेतं आणि एरर कुठेतरी खोल जाऊन पानभर येते. बंधन सिग्नेचरवरच (फंक्शनच्या घोषणेवरच) घाला, २०२० चे कॉन्सेप्ट, म्हणजे टाइपवरच्या अटी, त्यासाठीच आहेत. आणि सगळे एकाच टाइपचे असतील तर सरळ व्हेक्टर (यादी) घ्या, टेम्प्लेट कशाला?

जावात ऑब्जेक्टपुढे (ज्यात काहीही मावतं) टिंबं दिली की टाइप-सेफ झालं असं नाही, तपासणी फक्त रनटाइमवर ढकलली.

माझ्याकडे अशा प्रत्येक फंक्शनसोबत मुद्दाम चुकीचे कॉल लिहिलेल्या फाइली असतात, त्यातली एक जरी कंपाइल झाली तरी बिल्ड फेल. एका फाइलीत एकच कॉल ठेवा, नाहीतर एकाच्या एररमागे बाकीचे लपून जातात.