व्हेल्ड कॅमेलियनचं पिल्लू आणताय? मग आधी पाण्याचं बघा

व्हेल्ड कॅमेलियन म्हणजे डोक्यावर तुरा असलेला, रंग बदलणारा सरडा. माझं पहिलं पिल्लू आलं तेव्हा शेपटी सोडली तर करंगळीएवढं होतं. मी पिंजऱ्याच्या तळाला पाण्याची वाटी ठेवली होती, रोज घासायचो, रोज ताजं पाणी भरायचो. चार दिवसांनी बघतो तर त्याचे डोळे खोल गेलेले, ते बुरुजासारखे बाहेर आलेले टपोरे डोळे असतात ना, ते आत खचलेले, आणि शीमधला जो भाग पांढरा असायला हवा तो केशरी झालेला. समोर पाणी असून जीव तहानेनं सुकत चालला होता, कारण साचलेलं पाणी त्याला सहसा पाणी म्हणून ओळखूच येत नाही. पानावरून ओघळणारा, उजेडात चमकणारा थेंब दिसला की मग जीभ बाहेर येते. ते पिल्लू वाचलं, पण तेव्हापासून कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी आधी पाण्याचंच सांगतो.

हा सरडा मूळचा येमेनचा आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातला. तिकडचं नाव ऐकून लोकांना वाटतं वाळवंटी प्राणी, याला कोरडं आणि कडक गरम ठेवायचं. पण तो राहतो डोंगरउतारांवर आणि दऱ्यांमधल्या झाडाझुडपांत, तिथे दिवसा ऊन असतं आणि रात्री गारवा, धुकं, दव. पहाटे पानं ओली असतात ती चाटून हा दिवसभराचं पाणी पिऊन घेतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळी काळजी आपोआप समजते, म्हणजे पहाट ओली, दुपार कोरडी, रात्र गार.

आता प्रत्यक्षात काय करायचं तर सकाळी लाइट लागायच्या थोडं आधी किंवा लागल्या लागल्या बारीक फवाऱ्याने सगळी पानं दोन-तीन मिनिटं नीट भिजवायची, दोनदा पिचकारी मारून पळायचं नाही. सुरुवातीला तो काहीच करत नाही, उलट डोळे गरागरा फिरवतो, ते डोळे धुणं चाललेलं असतं, आणि मग दोन-चार मिनिटांनी सावकाश प्यायला लागतो. तुम्ही समोर उभे असाल तर बरेचदा पीतच नाही, म्हणून लांब जाऊन बसा. दुपारी ड्रिपर लावा, वरून थेंब थेंब पानावर पडत राहील असा, १५-२० मिनिटं पुरे. संध्याकाळी लाइट जाताना परत एक फवारणी. मधल्या वेळात पिंजरा पूर्ण वाळला पाहिजे, हे फार महत्त्वाचं आहे कारण दिवसरात्र ओलं आणि वर हवा कोंडलेली असेल तर छातीचं इन्फेक्शन होतं. दिवसा आर्द्रता ३० ते ५० टक्के चालते, रात्री ८० च्या वर गेली तरी हरकत नाही, पण रात्री गार असेल तरच, गरम आणि दमट एकत्र नको. फवारा डायरेक्ट तोंडावर मारू नका, पानांवर मारा.

पिंजरा जाळीचा घ्या. पूर्ण वाढ झाल्यावर त्याला दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच एवढी जागा लागते, नर शेपटीसकट दीड ते दोन फुटांपर्यंत जातो. पिल्लासाठी आधी छोटा पिंजरा घ्यावा असं बरेच जण सांगतात, का तर मोठ्यात त्याला खाणं सापडत नाही. माझं मत, खायचे किडे एका कपमध्ये ठेवून देणार असाल (कसे ते पुढे सांगतो) तर सरळ मोठाच घ्या, त्यात झाडी भरा, पिल्लू हरवत नाही. उंची जास्त महत्त्वाची. पिंजरा जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा म्हणजे तो वरच्या फांदीवर बसला की तुमच्या डोळ्यांच्या वर राहील. वरून येणारी गोष्ट म्हणजे शिकारी पक्षी, हे त्याच्या रक्तात आहे, त्यामुळे तुम्ही वरून वाकून बघितलं की तो दचकणार आणि रोज दचकणारं पिल्लू वाढत नाही. कोपऱ्यात ठेवा, दोन बाजू झाकून टाका, पंख्याचा किंवा एसीचा झोत अंगावर नको, आणि समोर आरसा तर अजिबात नको, त्याला आपलंच प्रतिबिंब दुसरा सरडा वाटतं.

आत खरी झाडं लावा. मनी प्लांट, जास्वंद, छत्रीसारख्या पानांची शेफ्लेरा, ही चालतात. चालतात म्हणजे काय, तो ती खाणारच आहे, व्हेल्ड कॅमेलियन पानं खातो, जास्वंदाची फुलं तर आवडीने. म्हणून नर्सरीतून आणलेलं झाड आधी पानन् पान धुवायचं, वरची माती बदलायची आणि काही आठवडे बाहेर ठेवून मगच आत, कारण त्यावर कीटकनाशक असू शकतं. प्लास्टिकची पानं नका लावू, चावून गिळली तर आतडं अडकतं. त्याच कारणाने तळाला भुसा, वाळू, साल असलं काही पसरू नका, नेम धरून किडा मारताना तोंडात तेही जातं. तळ मोकळा ठेवा, खाली पाणी जमायला ट्रे. फांद्या आडव्या, तिरक्या, वेगवेगळ्या जाडीच्या द्या, पेन्सिलएवढ्या बारीक पण हव्यात कारण त्याचे पाय चिमट्यासारखे असतात, तीन बोटं एका बाजूला दोन दुसऱ्या, आणि पिल्लाच्या चिमट्यात जाड फांदी मावत नाही.

आता लाइट. दोन वेगळ्या लागतात हे आधी समजून घ्या, एक उबेसाठी, एक यूव्हीबीसाठी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांसाठी. उबेला साधा पांढरा बल्ब पुरतो, पण पिल्लासाठी बसायच्या जागेवर २७ ते २९ डिग्री सेल्सियस एवढंच ठेवा, बाकी पिंजरा २२ ते २६ च्या आसपास. मोठ्या नराला ३०-३२ चालतं म्हणून लोक पिल्लालाही तेच देतात आणि तिथे चूक होते, एवढंसं अंग पटकन तापतं आणि त्याहून पटकन सुकतं. तापमान हाताने अंदाज घेऊन नाही, थर्मामीटर फांदीवर ठेवून बघायचं. तो बल्बखाली तोंड उघडं ठेवून बसत असेल तर जास्त गरम होतंय. पिंजऱ्याच्या आत बल्ब नको, जाळीवर बाहेरून, नाहीतर लटकून चिकटतो आणि भाजतो, आणि पुढे डोक्यावरचा तुरा वाढतो तेव्हा अंतर परत मोजा. रात्री सगळे लाइट बंद, लाल-निळे रात्रीचे बल्ब काही लागत नाहीत, १८ डिग्रीपर्यंत उतरलं तर उलट चांगली झोप लागते.

यूव्हीबीला लांब टी५ एचओ (बारीक पण जास्त ताकदीची) ट्यूब घ्या, पेटीवर यूव्हीबी ५.० किंवा ६ टक्के लिहिलेली. ते गोल वळलेले छोटे बल्ब मिळतात ते नका घेऊ, त्यांचा पट्टा फार छोटा असतो. ट्यूब जाळीवर आणि बसायची फांदी साधारण ९ इंच खाली, म्हणजे पाठीवर यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांच्या तीव्रतेचं माप) ३ च्या आसपास येतो, मीटर कुणाकडे मिळाला तर मोजूनच घ्या कारण जाळी बरंच अडवते. काचेतून यूव्हीबी येत नाही, त्यामुळे खिडकीतलं ऊन मोजू नका. १२ तास टायमरवर. आणि ट्यूब दिसायला पेटलेली असली तरी यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून मीटर नसेल तर वर्षाच्या आत बदला, पेटीवर तारीख लिहून ठेवा.

हे सगळं कशासाठी तर हाडांसाठी. यूव्हीबीशिवाय अंगात व्हिटॅमिन डी३ बनत नाही, डी३शिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि पिल्लू तर आठवड्या-आठवड्याला लांब होत असतं, मग शरीर हाडातलंच कॅल्शियम ओढून घेतं. मुलांना मुडदूस होतो तसाच हा प्रकार, पाय वाकडे होतात, जबडा रबरासारखा मऊ पडतो, चढताना पाय थरथरतात. एकदा वाकलेलं हाड सरळ होत नाही, नुसतं पुढचं थांबवता येतं. म्हणून प्रत्येक खाण्यावर डी३ नसलेल्या कॅल्शियमची हलकी पावडर लावा, आणि दोन आठवड्यांतून एकदा डी३ आणि व्हिटॅमिन ए असलेलं मल्टिव्हिटॅमिन. रोज सगळंच द्यायचं नाही, डी३ आणि ए अंगात साठतात आणि जास्त झाले की गळ्याभोवती सूज दिसायला लागते. पावडर म्हणजे किड्यावर धूळ बसल्यासारखी, पीठात घोळवलेली नाही.

खाण्यात मुख्य रातकिडे, सोबत डुबिया झुरळं, रेशमाच्या अळ्या, अगदी बारीक पिल्लाला फ्रूट फ्लाय, म्हणजे फळांवरच्या बारीक माश्या. किड्याची रुंदी त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको, हे माप सगळ्यात सोपं. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला रोज १०-१२ छोटे रातकिडे तरी लागतात, सकाळी अंग तापल्यावर द्या. सहा महिन्यांनंतर कमी करत करत एक दिवसाआड, मोठ्याला तीन-पाच किडे दिवसाआड पुरतात. कपात द्या म्हणजे कसं, खोल अपारदर्शक कप, आत जाळीचा तुकडा लावायचा म्हणजे किडे चढून वर दिसतील, आणि तो फांदीजवळ टांगायचा. मोकळे सोडलेले रातकिडे कुठेतरी लपतात आणि रात्री झोपलेल्या पिल्लाला चावतात, हे मी डोळ्याने बघितलंय, शेपटीला जखमा होत्या.

आणि किडा उपाशी असेल तर तो नुसतं टरफल आहे. देण्याआधी २४ तास तरी त्याला गाजर, भोपळा, रताळं, हिरवा पाला, संत्र्याची फोड असं खाऊ घाला, तेच पुढे पिल्लाच्या पोटात जातं. बागेतले किडे पकडून देऊ नका, औषध मारलेलं असू शकतं. काजवा तर चुकूनही नाही, विषारी असतो.

आणल्यावर पहिला आठवडा त्याला एकटं सोडा. खरंच एकटं. फवारणी, खाणं, शी उचलणं, एवढ्यापुरतंच दार उघडा. तो गडद रंगाचा होईल, फांदीच्या मागे फिरेल म्हणजे तुम्हाला फक्त दोन हात दिसतील, वाऱ्यात पान हलल्यासारखा डोलेल, ते सगळं ठीक आहे. लोकांना वाटतं सरडा रंग बदलतो तो मागचं बघून लपायला, पण बरंचसं रंगकाम मूड, तापमान आणि भांडण यांचं असतं. शांत पिल्लू फिकट हिरवं दिसतं, झोपलेलं तर अजून फिकट. दिवसभर काळपट राहणं म्हणजे काहीतरी खुपतंय, बहुतेक वेळा थंडी, भीती नाहीतर आजार. एका पिंजऱ्यात दोन पिल्लं ठेवू नका, भांडताना दिसत नसली तरी एक खातं आणि दुसरं मागे पडत जातं.

हातात घेण्याची घाई ज्यांना असते त्यांना मी कळकळीने सांगतो की हे बघण्याचं जनावर आहे, कुरवाळण्याचं नाही. हातातून किडा खायला लागलं तर खूप झालं, त्याला महिने लागू शकतात. उचलायची वेळ आलीच तर खालून, समोर हात किंवा काठी धरा आणि त्याला स्वतः चढू द्या. वरून पकडू नका, फांदीवरून ओढू तर अजिबात नका, तो सोडत नाही आणि पायाला इजा होते. नंतर हात साबणाने धुवा, अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

दर आठवड्याला वजन करा, ग्रॅममध्ये दाखवणारा छोटा काटा, त्यावर एक काठी, वहीत आकडा लिहा. हे जनावर आजार लपवतं, जंगलात आजारी दिसणारं पहिलं मरतं, त्यामुळे डोळ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो पण काटा आधी सांगतो. दिवसा डोळे मिटून बसलेलं कॅमेलियन म्हणजे आजारी कॅमेलियन, त्यात थांबून बघू असं नाही. नेम चुकायला लागणं, जीभ पूर्ण आत न जाणं, तळाला बसून राहणं, श्वासाला टकटक आवाज किंवा तोंडात चिकट फेस, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. आणि सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर आणायच्या आधी शोधून ठेवा, कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना यातलं कळत नाही. पहिल्याच महिन्यात शी तपासून घ्या, जंत असतात. कात तुकड्यातुकड्यात निघते, पिल्लांची दर काही आठवड्यांनी, त्या दिवशी खाणं कमी होतं, ती सोलू नका.

विकत घेताना तीन महिन्यांपेक्षा लहान घेऊ नका, आणि पिंजऱ्यात जन्मलेलंच घ्या. ही जात साइटिसच्या (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाबाहेरून आणलेल्याला कागदपत्रं लागतात, ती मागून बघा आणि तुम्ही राहता तिथे पाळायला परवानगी किंवा नोंदणी लागते का तेही आधीच विचारा.

नर की मादी हे पिल्लातच कळतं, मागच्या पायाच्या टाचेला छोटा उंचवटा असेल तर नर, नसेल तर मादी. मादी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, नराची सावली पडली नाही तरी ती अंडी घालते, आणि काही माद्या पाच-सहा महिन्यांतच तयार होतात. ओली वाळू, बोगदा खणला तर ढासळणार नाही इतपत ओली, एक फूट खोल डब्यात भरून आत ठेवा. जागा नसेल तर ती अंडी धरून ठेवते आणि त्यातच मरते. ती खणायला लागली की पिंजऱ्याला पडदा लावा, तिने तुम्हाला बघितलं तर खड्डा अर्धवट सोडते. पूर्ण वाढल्यावर खाणं आणि उष्णता दोन्ही जरा कमी ठेवली तर अंड्यांची संख्या कमी राहते, नाहीतर एका वेळी ५०-६० सुद्धा घालते आणि त्यात तिचं आयुष्य झिजतं. डबा चौथ्या महिन्यापासूनच ठेवा, अंडी दिसायची वाट बघू नका.