जाहिरातीचे पैसे पुड्यांत घाला

मी लातूरला घरूनच येसर (आमटीचा भाजून दळलेला मसाला), काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी विकते. नव्यानं सुरू करणारी कुणी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "काकू, जाहिरातीला किती घालायचे?" मी सांगते, दोन हजार असतील तर त्यातले पंधराशे छोट्या पुड्यांत घाला. खायची वस्तू जिभेवर गेल्याशिवाय विकत नाही, आणि रंगीत पॅम्प्लेट काही चाखता येत नाही.

पुडी एका वेळच्या आमटीपुरती करा, वीस-पंचवीस ग्रॅमची. मागच्या बाजूला कृती छापा: इतके चमचे, इतकं पाणी, फोडणी कशाची, उकळी किती. आपल्याकडं हे सांगावं लागत नाही, पण मराठवाड्याबाहेरची सून पुडी उघडते आणि मेतकूट समजून भातावर घालते. मग म्हणते, काही खास नाही.

आता या पुड्या वाटायच्या कुठं? दारोदार फिरू नका. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं आणि प्रत्येकीला वाण लागतं. प्लास्टिकच्या डब्या आणि गाळण्या घेऊन बायका कंटाळल्यात. डिसेंबरातच ओळखीच्या घरी जाऊन विचारा, "वहिनी, यंदा वाण काय काढलंय?" मालाचा आणि पिशवीचा खर्च निघेल एवढ्याच भावात पन्नास पुड्या द्या. नफा धरू नका, पण फुकटही देऊ नका. पैसे मोजून घेतलेलं वाण ती कौतुकानं, दोन शब्द बोलून देते. वाटणारी ती, पैसे देणारी ती, आणि नाव पन्नास स्वयंपाकघरांत तुमचं जातं. ज्यांचा अनारशाच्या पिठाचा धंदा आहे त्यांनी हाच हिशेब धोंड्याच्या महिन्याला, म्हणजे अधिक मासाला लावावा. २०२३ ला तो श्रावणात होता, २०२६ ला ज्येष्ठात. जावयाला अनारशांचं वाण द्यायचं असतं, आणि पीठ घरी करायला वेळ कुणालाच नसतो.

पुडीवर मोबाइल नंबर असतोच, पण त्याखाली एक ओळ हवी: "हा नंबर सेव्ह करा आणि 'येसर' असा मेसेज टाका." ही ओळ फार कामाची. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ती) २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांना तुम्ही कितीही पाठवा, जातच नाही. स्टेटसचंही तसंच, दोघींकडं एकमेकींचा नंबर असेल तरच दिसतं. तिचा मेसेज आला की लगेच तिचंही नाव गावासकट सेव्ह करायचं.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे, तेच घ्या. त्यात कॅटलॉग करता येतो, म्हणजे "भाव काय?" ला दरवेळी टाईप करत बसायला नको. गिऱ्हाइकांना लेबलं लावता येतात: नवीन, पैसे बाकी, पुण्याची. स्टेटस दिवसाआड पुरे. फोटो खिडकीपाशी, दिवसाउजेडी, स्टीलच्या ताटात काढा. फिल्टर लावला की मसाला विटेसारखा दिसतो. त्याहून चालतो तो भाजणीचा छोटा व्हिडिओ, कढईतल्या उलथन्याच्या आवाजासकट, वर गाणं न लावता. आणि भावकीच्या, लग्नाच्या ग्रुपवर रोज मसाला टाकू नका. लोक ग्रुप म्यूट करतात, तोंडावर मात्र कुणी सांगत नाही.

फेसबुकवर पैसे भरून पोस्ट बूस्ट करावी का, म्हणजे जास्त लोकांना दाखवावी का? पहिल्या वर्षी नको. त्या पैशावर वर १८ टक्के जीएसटी जातो, आणि अकोल्याहून कुणी नुसताच लाइकचा अंगठा दाखवतं.

लेबलाचं काम मात्र आधी उरका. एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेच्या सरकारी खात्याची) नोंदणी ऑनलाइन होते आणि तिचा १४ आकडी नंबर पाकिटावर छापावा लागतो. सोबत घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, पत्ता आणि शाकाहारी मालाची हिरवी खूण. हे सगळं असलं की किराणा दुकानदारही माल ठेवायला तयार होतो.

लातूरकरांना आणखी एक सोय आहे, ट्युशन एरिया. नांदेड, परभणी, बीड, हिंगोली, कुठून कुठून पोरं शिकायला येतात. जूनमध्ये आईबाप सोडायला येतात तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात आणि मेसवाल्या मावशीकडं तुमची चटणी दिसली पाहिजे. मेसच्या जेवणाला नाक मुरडणारं पोरगं चटणीवर दोन पोळ्या जास्त खातं, हे आईला कळलं की ती गावाकडूनच ऑर्डर देते.

पुण्याचं गिऱ्हाईक शोधायला पुण्याला जायची गरज नाही. हडपसर, वाघोली, चाकणला आपलीच माणसं राहतात आणि दिवाळी, येळवस (वेळ अमावास्या), उन्हाळ्याची सुट्टी या तीन वेळा गावी येतात. येळवशीला सगळं गणगोत शेतात, कडब्याच्या कोपीपाशी भज्जी-आंबील खायला जमतं. त्याच्या चार-पाच दिवस आधी स्टेटसला एवढंच विचारा, "जाताना काय काय नेणार?" तेलाची चटणी दुहेरी पिशवीत द्या. एकाची बॅग तेलकट झाली की अख्खी गाडी तुमचं नाव लक्षात ठेवते. मधल्या काळात रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल जातं. तेव्हा गाडीचा आणि क्लीनरचा नंबर गिऱ्हाइकाला रात्रीच कळवायचा, सकाळी तुमचा फोन लागेल याचा भरवसा नाही.

एक वही ठेवा. प्रत्येक नवीन नावापुढं लिहा, नंबर कुठून मिळाला: वाण, मेस, ट्रॅव्हल्स, कुणाची नणंद. पंधरा दिवसांनी विचारा, "ताई, आमटी जमली का?" व्हॉइस मेसेज आला तर "स्टेटसला लावू का?" विचारा, त्या हो म्हणाल्या तरच लावा. वहीत ज्या वाटेनं कुणीच येत नाही तिथं पुढच्या वर्षी पैसे घालायचे नाहीत.

आणि नवीन मिरची बाजारात यायला लागली की याच वहीतल्या सगळ्यांना एक मेसेज टाका: वर्षाचा मसाला किती किलो, तिखट की मध्यम, निम्मे पैसे आगाऊ. मिरची, धने, खोबरं त्याच पैशात येतं, कुणाकडं हात पसरावा लागत नाही. कांडपाचा नंबर मात्र आधीच लावून ठेवा, एप्रिलात तिथं उभं राहायला जागा नसते.