जुना कॅमेरा घ्यायला जाताना खिशात टॉर्च ठेवा

पहिली पायरी बाजारात नाही, घरात आहे. आधी माळा उतरवा, आजोळचं कपाट बघा, कारण आपल्याकडे कितीतरी घरांत अॅग्फा क्लिक थ्री अजून पडून असतो. बडोद्याला बनायचा, १२० चा रोल (म्हणजे कागदात गुंडाळलेली रुंद फिल्म), एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो, सेल नाही, उजेड मोजायचा मीटर नाही, म्हणजे बिघडायला आत फारसं काही नाहीच, आणि १२० चा रोल आजही मिळतो. फक्त घेताना सगळ्या काका-आत्यांना विचारून घ्या, नाहीतर तुम्ही पुसूनबिसून शेल्फवर ठेवलात की दुसऱ्याच महिन्यात "आमच्या नानांचा कॅमेरा" सुरू होतं.

घरी काही नाही निघालं तर मग पुण्याचा जुना बाजार, रविवारी किंवा बुधवारी, नाहीतर मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट. सकाळी लवकर जा आणि भाव विचारायच्या आधी वस्तू हातात घ्या. भाव आधी विचारला की दुकानदाराला कळतं तुम्ही अडकलात.

आता टॉर्च. मोबाईलचा चालतो पण छोटा हातातला बरा. लेन्स निघत असेल तर काढा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं लहानमोठं होणारं भोक, पूर्ण उघडा, मागून तिरका उजेड टाका आणि पुढून बघा. धूळ दिसेल, दिसू दे, धुळीने फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, आपल्या दमट हवेत लेन्सचा खरा शत्रू हीच. कडेला थोडी असेल तर साफ होते, पण जुनी असेल तर काचेवरचं कोटिंगच खाल्लेलं असतं, ते परत येत नाही. काच नुसती पिवळी दिसली तर मात्र घाबरू नका, सुपर टाकुमार ५० एमएम एफ १.४ सारख्या काही लेन्सच्या काचेत थोरियम असायचं, ती काळाने पिवळी पडते आणि बरेच दिवस उन्हात ठेवली की पुष्कळ उजळते. ॲपर्चरची पाती पण हलवून बघा, तेलकट असतील तर अडकणार.

मग कान. शटर, म्हणजे फिल्मवर उजेड सोडणारा पडदा, एक सेकंदावर लावा, दाबा, मोबाईलवर मोजा. तीन सेकंद लागले किंवा मध्येच रेंगाळलं तर आतलं ग्रीस घट्ट झालंय, सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच घासाघीस करा. याशिका इलेक्ट्रो ३५ या जुन्या जपानी कॅमेऱ्यात मी स्वतः फसलोय. विकणाऱ्याने चारदा क्लिक करून दाखवलं, "एकदम चालू आहे साहेब", मी खूश, आणि घरातल्या कार्यक्रमाचा अख्खा रोल अंधारा आला. या कॅमेऱ्यात सेल नसला तरी शटर पडतंच, पण कायम १/५०० सेकंदावर! मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही, त्याऐवजी ६ व्होल्टचा सेल अडॅप्टर लावून चालतो, तो सोबत घेऊन जा आणि तिथेच घालून बघा. शिवाय रोल पुढे सरकवायचा खटका ओढताना आतून "टक्" असा आवाज आला पाहिजे, नाही आला तर आतला रबरी पॅड गेलाय, राहू दे.

मागचं दार उघडल्यावर काळा चिकट फोम बोटाला लागला तर ते मोठं दुखणं नाही, सील स्वस्तात बदलता येतात. भात्याचा, म्हणजे घडीचा कॅमेरा असेल तर अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च धरा, भोक असलं तर चांदणीसारखं चमकतं.

आणि सोनेरी मुलाम्याची, गरुडबिरुड कोरलेली "युद्धातली लायका" (महागडा जर्मन कॅमेरा) कोणी दाखवली तर बघा, हसा, पुढे चला. बहुतेक वेळा ती फेड किंवा झोर्की हा सोव्हिएत कॅमेरा असते, वर नाव नवीन कोरलेलं.

घरी आणल्यावर चामड्याचं कव्हर वेगळं ठेवा, वास घ्या म्हणजे कळेल का ते. कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मीटर, काटा ४० ते ५० च्या मध्ये. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं.

बाजारात जुने फोटो मिळाले तर चिकट पानांच्या अल्बममध्ये लावायचे नाहीत, लॅमिनेशन तर नाहीच नाही. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तो फोटोइतकाच मोलाचा, त्यावर पेनाने काही लिहू नका, नोंद करायचीच तर कोपऱ्यात मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने.

पहिला रोल १०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेड टिपायची ताकद) टाका, कडक उन्हात ॲपर्चर एफ १६ आणि शटर १/१२५ सेकंद इथपासून सुरुवात करा, प्रत्येक फोटोचं सेटिंग वहीत लिहा, आणि लॅबमधून स्कॅनसोबत निगेटिव्ह मागून घ्या, काही ठिकाणी न विचारता टाकून देतात.