घातक कचऱ्याच्या जागेवर यादीबाहेरची रसायने कशी शोधावीत

घातक कचरा पुरलेल्या जागेचा भूजल अहवाल उघडला की पीएच, टीडीएस, सीओडी, शिसे, क्रोमियम असे रकाने दिसतात. सगळे आकडे मर्यादेत असले म्हणून जागा स्वच्छ समजू नका. पीफास (कार्बन-फ्लोरीनची, सहजी न मोडणारी कृत्रिम रसायने) किंवा 1,4-डायऑक्सेन (एक औद्योगिक रसायन) त्या रकान्यांत नसतातच, आणि प्रयोगशाळा सांगितले तेवढेच मोजते. काय मोजायला सांगायचे, ते विहिरीवर जाण्याआधी ठरवावे लागते.

सुरुवात जुन्या कागदांपासून करा. कोणत्या कारखान्याचा कचरा कधी आला, ते नोंदवह्यांतून आणि जुन्या कामगारांना विचारून काढा. हार्ड क्रोम प्लेटिंगचा गाळ असेल तर पीएफओएस (पीफासांपैकी एक) याची चाचणी मागा. क्रोमिक आम्लाच्या टाकीवर उडणारे तुषार दाबायला ते वापरत. इंधनाची आग विझवणारा फेस, कापडावरचे आणि कागदावरचे डाग न धरणारे लेप यांतूनही पीफास येते. सुटे भाग धुवायला 1,1,1-ट्रायक्लोरोइथेन हे द्रावक वापरले असेल तर 1,4-डायऑक्सेन गृहीत धरा, कारण ते त्या द्रावकात टिकाऊपणासाठी मिसळत. कागद सापडले नाहीत तर जुन्या अहवालात 1,1-डायक्लोरोइथेन किंवा 1,1-डायक्लोरोइथीन आहे का पाहा. ट्रायक्लोरोइथेन मोडले की हे दोन पदार्थ तयार होतात. या खुणेकडे फार लोक बघत नाहीत, पण ती बोलकी आहे.

डायऑक्सेन पाण्यात पूर्ण मिसळते, मातीला धरत नाही आणि द्रावकाच्या पुढे जाते. त्यामुळे द्रावक न सापडलेली टोकाची विहीरही तपासा. बाष्पशील रसायनांच्या नेहमीच्या चाचणीत नमुन्यात वायूचे बुडबुडे सोडतात; डायऑक्सेन पाण्यातून नीट सुटत नाही, आणि शोधमर्यादा (मोजता येणारी सर्वांत कमी पातळी) वर असल्याने अहवालात 'आढळले नाही' असे येते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने दहा लाखांत एक या कर्करोग-जोखमीसाठी धरलेली पातळी लिटरला 0.35 मायक्रोग्रॅम आहे. शोधमर्यादा त्याखाली हवी, हे मागणीपत्रातच लिहा.

पीफासचे मोजमाप नॅनोग्रॅममध्ये होते. पिण्याच्या पाण्यात पीएफओए (दुसरे एक पीफास) आणि पीएफओएस यांची अमेरिकेने 2024 मध्ये ठरवलेली मर्यादा लिटरला प्रत्येकी 4 नॅनोग्रॅम आहे. इतक्या बारीक पातळीवर आपल्याच सामानातून नमुना बिघडू शकतो. टेफ्लॉन टेप, टेफ्लॉनची नळी, पाणी न धरणारे जॅकेट, वॉटरप्रूफ वही, सॉफ्टनर घालून धुतलेले कपडे विहिरीजवळ नकोत. नळी एचडीपीई प्लास्टिकची किंवा सिलिकॉनची, हातमोजे नायट्राइलचे आणि प्रत्येक विहिरीला नवे. कमी दूषित विहिरीपासून सुरुवात करून जास्त दूषित विहिरीकडे जा.

पंप मिनिटाला 100 ते 500 मिलिलिटर एवढाच चालवा. दर तीन ते पाच मिनिटांनी नोंद घ्या; सलग तीन नोंदींत पीएच 0.1 च्या आत आणि विद्युतवाहकता 3 टक्क्यांच्या आत राहिली की नमुना भरा. घाईने उपसले तर गाळ ढवळतो, त्याला चिकटलेले पीफास पाण्यात येते आणि आकडा फुगतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगा-सांध्यांतून वाहते, म्हणून जमिनीचा उतार पाहून विहिरी निवडू नका. सांध्यांची दिशा पाहा.

बाटली एचडीपीईची घ्या, काचेला पीफास चिकटते. ती खांद्यापर्यंतच भरा. वेगळ्या छोट्या बाटलीत थोडे पाणी घेऊन जोरात हलवा. फेस टिकून राहिला तर पीफास भरपूर असण्याची शक्यता आहे. चिठ्ठीवर तसे लिहा, नाहीतर प्रयोगशाळेचे यंत्र दूषित होईल. प्रयोगशाळेकडून आलेले पीफासमुक्त पाणी विहिरीशेजारी उघडून दुसऱ्या बाटलीत ओता. हा कोरा नमुना नसेल तर सापडलेले 3 नॅनोग्रॅम पाण्यातले की तुमच्या बाहीवरचे, हे कधीच कळणार नाही. सगळ्या बाटल्या 0 ते 6 अंशांत पाठवा.

चाचणी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या 1633 पद्धतीने मागा. तिच्यात 40 पीफास मोजतात. पूर्ण बाटली वापरा आणि ती आतून द्रावकाने विसळून घ्या, असे बजावून सांगा. अर्धेच पाणी ओतून घेतले तर भिंतीला चिकटलेला भाग राहून जातो. कचऱ्याच्या झिरप पाण्यात पित्तातले टॉरोडीऑक्सिकोलिक आम्ल पीएफओएसचे सोंग घेते. मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र) 499 वस्तुमानाचा आयन फुटून 80 चा तुकडा दिसला तरी 99 चा तुकडाही जुळतो का, ते विचारा.

40 नावांपलीकडे काही असेल असे वाटले तर उच्च विभेदन (वस्तुमानातला बारीक फरक ओळखणाऱ्या) मास स्पेक्ट्रोमीटरवर अलक्ष्यित, म्हणजे ठरलेल्या यादीबाहेरची, तपासणी करा. 49.9968 च्या अंतराने रांगेत येणारी वस्तुमाने दिसली की सीएफ-2 (एक कार्बन, दोन फ्लोरीन) या दुव्यांच्या साखळ्या वाढत चालल्या आहेत, असे समजा. अमेरिकेतल्या केप फिअर नदीतले जेनएक्स हे पीफास अशाच तपासणीत ओळखले गेले. मात्र नुसते वस्तुमान जुळणे म्हणजे ओळख नव्हे. त्या रसायनाच्या शुद्ध नमुन्याशी यंत्रातून बाहेर पडण्याची वेळ आणि रेणू फुटून होणारे तुकडे दोन्ही जुळल्यावरच अहवालात 'निश्चित' लिहा, तोवर 'संभाव्य'. आणि यंत्राची कच्ची फाइल मागून ठेवा. उद्या एखादे नवे नाव पुढे आले तर आजच्याच नमुन्यात ते शोधता येते.