डेस्कटॉपची मोठी हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडायचीय? आधी १२ व्होल्टचं बघा

घरचा जुना डेस्कटॉप बसला, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) उडाला. आत ४ टीबीची डिस्क, तिच्यात घरातले सगळे फोटो. डिस्क धडधाकट होती म्हणून म्हटलं साटा टू यूएसबी केबल (साटा म्हणजे डिस्क जोडायची आजकालची पद्धत) आणू, लॅपटॉपला खुपसू, झालं काम. केबल आणली, लावली, तर डिस्क गपगार. दुकानदार म्हणाला होता "सगळ्याला चालते", आणि मीही डोकं न वापरता घेऊन आलो.

भानगड अशी की लॅपटॉपमधली छोटी २.५ इंची डिस्क नुसत्या ५ व्होल्टवर चालते आणि तेवढे यूएसबी देतं, पण डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात आणि ते साध्या यूएसबी पोर्टातून येतच नाहीत. म्हणून भिंतीत लावायचा वेगळा पॉवर अ‍ॅडॅप्टर सोबत येतो तोच साटा टू यूएसबी कन्व्हर्टर घ्यायचा, त्यावर १२ व्होल्ट २ अँपिअर लिहिलंय का बघून. नाहीतर डॉक घ्या, म्हणजे हेच काम करणारा स्टँड, त्यात डिस्क उभी खोचता येते. डिस्क फारच जुनी, ४० पिनांची आयडीई (साटाच्या आधीची जोडणी) असेल तर हे चालणार नाही, आयडीईवाला कन्व्हर्टर वेगळा.

जोडताना डिस्क आधी लाकडी टेबलावर सपाट ठेवा, खालचं सर्किट उघडं असतं त्यामुळे स्टीलच्या कपाटावर वगैरे नको. साटाची खाच एल आकाराची असते, एकाच बाजूने बसते, जोर लावायचा नाही. मग पॉवर चालू करा, डिस्क फिरल्याचा घूंऽऽ आवाज आला की यूएसबी लावा. कट-कट-कट असा आवाज येत राहिला तर लगेच बंद करा, "अजून एकदा बघू" करत बसू नका, डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडेच न्या.

आता विंडोजमध्ये डिस्क दिसली नाही तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. पार्टिशन (डिस्कचा भाग) दिसतंय पण ड्राइव्ह लेटर (D:, E: असं अक्षर) नाही, तर नुसतं लेटर द्या. पण "फॉरमॅट करायचं का" किंवा "इनिशियलाइज करा" (म्हणजे डिस्क नव्याने तयार करा) असं विचारलं तर कॅन्सल!! आधी साइज बघा. ४ टीबीची डिस्क तिथे ३७२६ जीबीच्या आसपास दिसते, ते बरोबरच आहे, कंपनी हजारच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. पण २ टीबी किंवा भलताच आकडा दिसला तर दोष बहुतेक कन्व्हर्टरचा, काही जुन्या कन्व्हर्टरना २ टीबीच्या पुढचं कळत नाही. दुसरा लावून बघा, डिस्कला हात लावू नका.

फोल्डर उघडताना परमिशन नाही म्हणाला तर कंटिन्यू दाबा, बहुतेक वेळा उघडतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) लावलेलं असेल तर मात्र रिकव्हरी की शोधावी लागेल.

कॉपी करायला यूएसबी ३ चा पोर्ट वापरा, बऱ्याच लॅपटॉपवर तो आतून निळा असतो. १ टीबी साधारण तीन तासात होतं, तेच यूएसबी २ वर आठ तास. आणि आपल्याकडची खरी गंमत म्हणजे लाईट. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर मजेत चालू राहतो पण डिस्क भिंतीतल्या सॉकेटवर, ती खाडकन बंद, कॉपी अर्धवट. माझं एकदा झालं, तेव्हापासून अ‍ॅडॅप्टर इन्व्हर्टरच्या सॉकेटलाच.

शेवटी इजेक्ट करून, पॉवर बंद करून, अर्धा मिनिट थांबा मगच उचला. मी घाईत लगेच उचलली तर हातातल्या हातात ती एका बाजूला वळायला लागली, आत तबकड्या अजून फिरतच होत्या, गुपचूप परत खाली ठेवली.