टॅपेट सेट करूनही टकटक: कॅम स्टॉक की हाय-लिफ्ट?

जुनी पेट्रोल गाडी. इंजिन गरम झाल्यावरही हेडमधून (इंजिनचा वरचा भाग) टकटक, पिकअप ढिला. ऑइल बदललं, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले; आवाज परत. डोकं फिरलं होतं.

व्हॉल्व्ह कव्हर काढलं तर कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एका लोबच्या, म्हणजे उंचवट्याच्या, टोकाला नख अडकेल असा खड्डा. मायक्रोमीटरनं उंचीही कमी भरली.

"उघडलंच आहे तं हाय-लिफ्ट कॅम बसवून देऊ ना भाऊ," मिस्त्री. म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम. नको म्हटलं. हाय-लिफ्टची ताकद वरच्या आरपीएमला, वर कडक स्प्रिंग अन् ट्यूनिंगचा खर्च. नागपुरातल्या सीताबर्डीच्या गर्दीत कमी आरपीएमचा टॉर्क (ओढ) लागतो.

मग हेडमधली ऑइलची वाट साफ केली. स्टॉक (कंपनीचा मूळ) कॅम आणि रॉकर (लोबचा धक्का व्हॉल्व्हला देणारा हात) दोन्ही नवे (जुना रॉकर नवा लोबही खातो). लोबवर असेंब्ली ल्यूब (बसवताना लावायचं वंगण). कॅम धरणाऱ्या कॅप मधल्यापासून बाहेरच्यांकडे, थोड्या-थोड्या कसत, शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (कसण्याचा जोर). कॅम-क्रँकचे टायमिंग मार्क जुळवून क्रँक हातानं 2 फेरे, मार्क पुन्हा तपासले. थंड इंजिनवर टॅपेटचा क्लिअरन्स (फट) लावला. नवं ऑइल, फिल्टर. टकटक बंद.