इंदिराराजेंच्या शिफॉनवरून आपलं लेटरपॅड

आपल्या बडोद्याच्या इंदिराराजे, सयाजीराव महाराजांची मुलगी, लग्न होऊन कूचबिहारला गेल्या आणि शिफॉनची साडी फॅशनमध्ये आणली ती त्यांनीच, तर त्यांच्या स्टाइलचं लेटरपॅड करायचं असेल तर आधी कागद बघा, बाकी सगळं नंतर. 120 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) ऑफव्हाइट, ए5 साइज, आणि वर बटर पेपरचं एक पान, खालचं अक्षर धूसर दिसतं ना, तोच शिफॉनचा पदर! बटर पेपर कोराच ठेवा, त्यावर इंकजेटची शाई पसरते.

नावाचं पहिलं अक्षर मोडी लिपीत लिहा, बोरूने, मग स्कॅन करून कोपऱ्यात छोटंसं टाका, मोठं केलं की लग्नपत्रिका वाटते. रंग एकच, पाचूचा हिरवा.

इंदिराराजे इटलीच्या फेरागामोकडून रत्नं जडवलेले जोडे करून घ्यायच्या, म्हणून कडेला मोती हवेतच! कागद उलटा करून माउसपॅडवर ठेवा, रिफिल संपलेल्या बॉलपेनने ठिपके दाबत जा, पुढून अगदी टपोरे उठतात, फार सुंदर दिसतं.

पाकीट सी6, ए5 एकदा दुमडला की नीट बसतो. बडोद्यात रावपुऱ्यात प्रिंट काढणार असाल तर आधी एकच कॉपी काढून उजेडात बघा, स्क्रीनवरचा हिरवा कागदावर वेगळाच येतो.